वाचकांचे प्रश्न : म्हाताऱ्या कुत्र्याची तहान

या महिन्याच्या टपालात वयस्कर कुत्र्यांविषयीची पत्रे इतकी आली, की मांजरे, गाई आणि पोपट यांचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. पत्रे वेगवेगळ्या गावांची असली तरी एक वाक्य बहुतेकांत सारखे आहे : ‘हल्ली पाणी फार पितो, पण वय झाले म्हणून आम्ही लक्ष दिले नाही.’ म्हणून उत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती करतो. सकाळी ठरावीक वेळी मापाने पाणी भरून ठेवा, दिवसभरात वाढवाल तेवढे लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजून वजा करा. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याचे भांडे वेगळे ठेवा आणि न्हाणीघराचे दार लावून घ्या, कारण बादलीतले पाणी हिशेबात येत नाही. असे सलग तीन दिवस मोजा. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याने दिवसाला १ लिटरहून अधिक पाणी पिणे, हे तपासणी करण्याचे पुरेसे कारण आहे. नुसत्या वयाने तहान वाढत नाही. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, कुशिंगचा विकार (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक अतिरेकी होणे), किंवा ऑपरेशन न झालेल्या मादीच्या गर्भाशयात साचलेला पू, यांपैकी काहीतरी बहुधा तिच्यामागे असते, आणि यातला शेवटचा विकार तर काही दिवसांतच जिवावर बेततो.

प्रश्न : आमची स्पिट्झ जातीची कुत्री दहा वर्षांची असून वजन ९ किलो आहे. तिचे ऑपरेशन केलेले नाही. दोन महिन्यांपूर्वी ती माजावर येऊन गेली. त्यानंतर तिची तहान आणि भूक दोन्ही वाढली, तरी ती खंगत चालली. बाल्कनीत ती लघवी करते तिथे मुंग्या लागू लागल्या, म्हणून तपासणी केली, तर रक्तातील साखर ४३० निघाली. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सांगितले आहे. माझ्या सासूबाई पंधरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्यांवर व्यवस्थित आहेत, मग कुत्रीला गोळ्या का चालत नाहीत? आम्ही दोघेही नोकरी करतो. शिवाय या वयात गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला आहे, तोही मनाला पटत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुंग्यांकडे आपले लक्ष गेले, हे फार बरे झाले. निरोगी कुत्र्याच्या रक्तात साखर साधारणपणे ८० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ती १८० ते २२०च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणजे आपली कुत्री पाणी पिते म्हणून लघवी करते असे नसून, लघवीतून पाणी जाते म्हणून तिला प्यावे लागते. फरशी खराब होते म्हणून तिचे पाण्याचे भांडे कृपया उचलून ठेवू नका.

आता गोळ्यांविषयी. सासूबाईंच्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन तयार करत असते, फक्त ते अपुरे पडते किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. गोळ्या ही उणीव भरून काढतात. कुत्र्यांच्या मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच बहुतांशी नष्ट झालेल्या असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? कारल्याचा रस, मेथीचे दाणे आणि जांभळाच्या बियांची पूड यांनाही हेच लागू आहे. त्यांवर दोन आठवडे घालवलेली कुत्री उलट्या करत, जेवण सोडून आणि तोंडाला आंबूस-गोड वास येत असलेल्या अवस्थेत माझ्यापुढे आणली गेली आहेत. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळत सुटते आणि रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साचतात, त्याची ही लक्षणे होत. अशा अवस्थेत घरगुती उपचारांना वाव नसतो. सलाइन लावून रुग्णालयातच ठेवावे लागते.

गर्भाशय काढण्याचा सल्ला आपल्याला पटत नाही, पण तिच्या बाबतीत मी तो इन्सुलिनइतकाच महत्त्वाचा मानतो. कुत्री माजावर येऊन गेल्यावर, गाभण असो वा नसो, सुमारे दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेले राहते. या संप्रेरकामुळे तिच्या स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक पाझरते आणि ते इन्सुलिनच्या कामात थेट आडवे येते. आपल्या पत्रातला ‘दोन महिन्यांपूर्वी’ हा शब्द म्हणूनच मला कळीचा वाटला. ऑपरेशन लवकर झाले तर काही कुत्र्यांचा मधुमेह पुढे ओसरतो; सर्वांचा ओसरतो असे आश्वासन कोणी देऊ नये. मात्र ऑपरेशन केले नाही, तर सहा-आठ महिन्यांनी पुढचा माज येईल आणि तोवर महत्प्रयासाने बसवलेली घडी विस्कटेल, हे जवळजवळ ठरलेले आहे. साखर अगदी आदर्श होण्याची वाट पाहू नका. कुत्री खाऊ-पिऊ लागली, कीटोन नाहीत आणि पाणी पुरेसे आहे, एवढे जमले की शल्यचिकित्सकाशी बोलून तारीख घ्या.

इन्सुलिनचा सुरुवातीचा डोस किलोमागे पाव ते अर्धा युनिट असतो, म्हणजे आपल्या कुत्रीला सुमारे २ ते ४ युनिट. इतक्या लहान आकड्यात एका युनिटची चूकही मोठी ठरते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने ४०च्या ताकदीच्या (मिलिलिटरमागे ४० युनिट) मिळतात, तर पेनमधील काडतुसे १००च्या ताकदीची असतात, आणि दोन्हींसाठी सिरिंजही वेगळी असते : लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. ४०च्या बाटलीतले औषध १००च्या सिरिंजमध्ये ‘४’च्या रेषेपर्यंत भरले तर शरीरात जाते जेमतेम १.६ युनिट, आणि उलट अदलाबदल झाली तर ४चे १० युनिट होतात. पहिल्या चुकीने साखर उतरत नाही आणि डॉक्टर विनाकारण डोस वाढवत राहतात. दुसरीने कुत्री संध्याकाळपर्यंत कोसळू शकते. दुकानदाराने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असे सांगितले तरी बाटलीवरचे नाव आणि आकडा स्वतः वाचावा, कारण संथ काम करणाऱ्या दुधाळ इन्सुलिनच्या जागी ३० टक्के जलद इन्सुलिन मिसळलेली बाटली हाती पडण्याचे प्रसंग घडतात.

दुधाळ इन्सुलिनची बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवून मिसळावी. ती फ्रिजच्या मुख्य कप्प्यात ठेवावी, बर्फाच्या खणात कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन दिसायला तसेच राहिले तरी ते टाकून द्यावे. उन्हाळ्यात वीज बराच काळ गेली तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली सुरक्षित राहू शकते.

आपल्या नोकरीचा प्रश्न मला अवघड वाटत नाही, कारण इन्सुलिनला आपण दिवसभर घरी असण्याची गरज नसून घड्याळाची गरज आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, अशी बारा तासांची वेळ ठरवा. आधी जेवण द्या, ती जेवते हे डोळ्यांनी पाहा आणि मगच मानेच्या मागच्या भागापासून कुशीपर्यंतच्या सैल कातडीखाली, रोज जागा थोडी बदलून, सुई द्या. लोकलच्या गोंधळात अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. ती जेवलीच नाही किंवा उलटी झाली, तर पूर्ण डोस न देता डॉक्टरांना फोन करा. सुई देताना ती हलली आणि औषध आत गेले की केसांवर सांडले हे कळले नाही, तरीही पुन्हा देऊ नका. एक डोस चुकला तर त्या दिवशी साखर वाढलेली राहील, इतकेच. दुहेरी डोसाने मात्र जीव जाऊ शकतो. घरात दोन माणसे सुई देत असतील तर फ्रिजच्या दारावर कागद लावून प्रत्येक डोसासमोर खूण करण्याची पद्धत ठेवा, कारण ‘मला वाटले तू दिली नाहीस’ या वाक्याने झालेले अपघात मी एकाहून अधिक वेळा निस्तरले आहेत.

साखर ६०च्या खाली गेली की कुत्री भेलकांडते, भिंतीकडे टक लावून पाहते, थरथरते आणि शेवटी तिला झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या. गिळत नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. बेशुद्ध कुत्रीच्या तोंडात पातळ काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. मग तडक दवाखाना गाठा. अशा वेळी ग्लुकोमीटर शोधत बसू नये. शंका असल्यास साखर द्यावी, कारण तासभर साखर वाढल्याने कुत्री दगावत नाही.

पुढच्या काही महिन्यांत आपले लक्ष्य ‘नॉर्मल’ आकडा हे नसेल. दिवसाचा बहुतेक वेळ साखर १०० ते २५०च्या दरम्यान राहिली, पाणी कमी झाले आणि वजन पुन्हा भरू लागले, तर डॉक्टर समाधानी असतील आणि आपणही असावे. जाता जाता एक आठवण : ज्या औषधावर माणसांतील असंख्य मधुमेही रुग्णांच्या कुटुंबांची भिस्त असते, ते इन्सुलिन १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी प्रथम कुत्र्यांवरच आजमावले होते. स्वादुपिंड काढून टाकलेली मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली आणि १९२२च्या जानेवारीत तो अर्क प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला देण्यात आला. आपण त्यांचेच देणे त्यांना परत देत आहोत.

प्रश्न : मधुमेही कुत्र्याला दूध-भाकरी चालेल का? गोड सर्व बंद केले आहे. फक्त चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे खातो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : भाकरी चालेल. ग्लुकोज बिस्किटे हे गोडच आहे, त्यामुळे ‘गोड सर्व बंद’ हे विधान आपण मागे घ्यावे. कोणता पदार्थ द्यावा यापेक्षा रोज तोच, तेवढाच आणि त्याच दोन वेळांना द्यावा, याला अधिक महत्त्व आहे. इन्सुलिनचा डोस त्या ताटावर बेतलेला असतो. भाकरी, उकडलेले चिकन किंवा अंडे, भोपळा आणि घेवडा यांचे जेवण तोलून देता येते. शक्य असल्यास डॉक्टरांकडून त्याचे प्रमाण ठरवून घ्यावे. तूप, चिकनची कातडी आणि दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांच्या हातून मिळणारी चकली-करंजी मात्र कटाक्षाने टाळावी. तेलकट-तुपकट खाण्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि मधुमेही कुत्र्यात ती सूज सगळा हिशेब उलटवते. ‘शुगर-फ्री’ लिहिलेले च्युइंगम किंवा गोळ्या त्याच्यासाठी साखरेहून कितीतरी घातक आहेत. त्यांतील झायलिटॉल या पदार्थाने कुत्र्याची साखर काही मिनिटांत कोसळते आणि यकृतही निकामी होऊ शकते.

प्रश्न : आमचा लॅब्रॉडॉर बारा वर्षांचा, ३० किलो वजनाचा आहे. आठ महिन्यांपासून तो इन्सुलिनवर आहे. १० युनिटपासून सुरुवात करून आता दोन्ही वेळा ५० युनिट देतो, तरी साखर ४००च्या खाली येत नाही. पोट सुटले आहे, पंखा लावूनही रात्रभर धापा टाकतो, पाठीवरचे केस विरळ झाले आहेत, मागच्या पायांत जोर नाही आणि कातडी कागदासारखी पातळ झाली आहे. त्याला खाज फार असते. त्यासाठी आम्ही वर्षभर एक मलम लावतो, ते घरात सगळेच वापरतात. एका डॉक्टरांनी कुशिंगच्या तपासण्या सुचवल्या, दुसरे म्हणाले की हे वय आहे, खर्च करू नका. काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात : ‘मलम, ते घरात सगळेच वापरतात.’ त्या मलमाची नळी हातात घ्या आणि घटकद्रव्ये वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव सापडण्याची शक्यता मोठी आहे. गजकर्णावर चिठ्ठीविना विकली जाणारी बरीच मलमे अशा स्टेरॉइडची मिश्रणे असतात. कुत्रा ते चाटतो, पातळ कातडीतून ते आत शिरते आणि रक्तात पोहोचलेले स्टेरॉइड इन्सुलिनला निष्प्रभ करते. कानात घालायच्या थेंबांतून आणि खाजेवर दर महिन्याला दिल्या जाणाऱ्या ‘एका इंजेक्शना’तूनही हेच होते. म्हणजे कुशिंगचा विकार शरीरातून उपजतो, तसा तो आपण बाहेरूनही निर्माण करू शकतो, आणि दुसऱ्या प्रकारात लाखोंच्या नव्हे तर शंभर रुपयांच्या नळीत उत्तर असते.

तरीही ते मलम आज रात्री फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी आपले काम थांबवतात आणि आक्रसतात. ते एकाएकी बंद केले तर शरीराजवळ स्वतःचे काहीच उरत नाही, आणि कुत्रा उलट्या, जुलाब व कमालीच्या अशक्तपणाने खचतो. डॉक्टरांना नळी दाखवा आणि त्यांच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने बंद करा. त्याच वेळी इन्सुलिनची गरजही उतरत जाईल, म्हणून साखर अधिक वेळा तपासा.

आता इन्सुलिनचा हिशेब पाहू. ३० किलोला ५० युनिट म्हणजे किलोमागे १.६ युनिटहून अधिक. किलोमागे दीड युनिटच्या पुढे जाऊनही साखर उतरत नसेल, तर आणखी वाढवण्याऐवजी थांबून कारण शोधावे, असा नियम आहे, आणि आपल्या बाबतीत तो टप्पा ओलांडला गेला आहे. शोधाची सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करा. नवी बाटली उघडा. सिरिंज आणि बाटली यांचा आकडा जुळतो का ते पाहा. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर सुई देऊन दाखवा. मी सांगतो म्हणून नव्हे, तर वर्षभर सुई देणाऱ्या माणसाच्या हातूनही अर्धे औषध हवेत जाताना मी पाहिले आहे. लघवीची केवळ नेहमीची तपासणी न करता कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करून घ्या, कारण मधुमेह आणि कुशिंग या दोहोंत मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग कोणत्याही त्रासाविना दडून राहतो. दात किडलेले असतील तर तेही इन्सुलिनच्या विरोधात काम करत असतात.

यातून काही निघाले नाही तर कुशिंगकडे वळावे, आणि आपण वर्णन केलेली लक्षणे पाहता मी वळेनच. पोट सुटणे, धापा, विरळ केस, पातळ कातडी आणि मागच्या पायांतला अशक्तपणा ही सगळी कॉर्टिसोल अतिरेकी झाल्याची चिन्हे आहेत. दुसरे डॉक्टर म्हणतात ते ‘वय’ एवढे सुसूत्र वागत नाही. शरीरातून उपजणाऱ्या कुशिंगपैकी ८० ते ८५ टक्के प्रकरणांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीवर छोटी गाठ असते आणि ती दोन्ही अॅड्रिनल ग्रंथींना सतत चाबूक मारत राहते. उरलेल्यांत एका अॅड्रिनलवरच गाठ असते. सोनोग्राफीत पहिल्या प्रकारात दोन्ही ग्रंथी फुगलेल्या दिसतात, दुसऱ्यात एक मोठी आणि दुसरी बारीक, तर मलमाने झालेल्या प्रकारात दोन्ही बारीक. एका सोनोग्राफीतून इतके कळू शकते, पण तिच्यावर एकटीवर निदान ठरवू नये.

निदानाच्या रक्ततपासण्या प्रामुख्याने दोन आहेत. एकीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा अगदी लहान डोस देऊन चार आणि आठ तासांनी कॉर्टिसोल मोजतात. निरोगी शरीर तेवढ्या इशाऱ्याने उत्पादन थांबवते, कुशिंगचे शरीर थांबवत नाही. दुसरीत एसीटीएच (अॅड्रिनलला कामाला लावणारे संप्रेरक) देऊन अॅड्रिनल किती उसळते ते पाहतात, आणि मलमाने आक्रसलेली ग्रंथी इथे उसळतच नाही, म्हणून आपल्या कुत्र्यासाठी मी या दुसऱ्या तपासणीला आधी पसंती देईन. एक पथ्य मात्र पाळावे लागते : कुत्रा उलट्या करत असताना, कीटोन असताना किंवा साखर पूर्णपणे बेताल असताना या तपासण्या करू नयेत. कोणत्याही गंभीर आजाराचा ताण कॉर्टिसोल वाढवतो आणि नसलेला कुशिंग कागदावर दिसू लागतो. पैसे वाया जाण्याचा हा हमखास मार्ग आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचा मुद्दा एवढ्यापुरता मला मान्य आहे.

पियूषिकेच्या प्रकारावर ट्रायलोस्टेन नावाचे औषध देतात. ते कॉर्टिसोल तयार होण्याच्या साखळीतील एक विकर (एन्झाइम) रोखते आणि ते जेवणासोबतच द्यावे लागते. ते मुळावरची गाठ बरी करत नाही, त्यामुळे आयुष्यभर चालते. गोळ्या संपण्याच्या पंधरवडाभर आधी पुढच्या मागवून ठेवाव्यात. मधुमेह सोबत असेल तर या औषधाच्या पहिल्या आठवड्यांइतका नाजूक काळ दुसरा नाही. कॉर्टिसोल उतरू लागले की आजवर अडलेले इन्सुलिन अचानक काम करू लागते आणि काल अपुरे पडणारे ५० युनिट उद्या घातक ठरू शकतात. म्हणून ट्रायलोस्टेन सुरू करतानाच इन्सुलिन किती कमी करायचे, साखर कोणत्या दिवशी तपासायची आणि रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. दहा ते चौदा दिवसांनी, मग महिनाभराने आणि नंतर दर तीन महिन्यांनी एसीटीएचची तपासणी पुन्हा होईल. मधल्या काळात त्याने जेवण सोडले, उलटी केली किंवा उठेनासा झाला, तर ट्रायलोस्टेनची पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. आठ महिने अन्नावर तुटून पडणारा कुत्रा ताटाकडे पाठ फिरवतो, तेव्हा घरच्यांना ‘चला, भूक आटोक्यात आली’ असे वाटते. तो सुधार नसून कॉर्टिसोल गरजेपेक्षा खाली गेल्याचा इशारा असू शकतो.

प्रश्न : आमच्या २० किलोच्या कुत्र्याला थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टरांनी थायरॉक्सिन ४०० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा, असे लिहिले. औषध दुकानदार म्हणाला की माणसालासुद्धा एवढा डोस देत नाहीत, चिठ्ठीत शून्य जास्त पडले असावे. मी घाबरून एक चतुर्थांश देत आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिठ्ठी बरोबर आहे. कुत्र्याचा डोस किलोमागे २० मायक्रोग्रॅम असतो, तर माणसाचा दिवसभराचा किलोमागे दीड-पावणेदोन. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषले जाते, आणि माणसाच्या रक्तात ते निम्मे व्हायला जिथे सुमारे आठवडा लागतो, तिथे कुत्र्यात ते दिवसभरातच निम्म्यावर येते. दुकानदाराने काळजीपोटी शंका विचारली, त्यात त्याचे काही चुकले नाही. आपण डॉक्टरांना न विचारता डोस कापला, हे मात्र चुकले. कुत्र्याला हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर स्वतःच कमी डोसाने सुरुवात करतात, म्हणून आज फोन करून त्यांना विचारा. गोळी रोज एकाच पद्धतीने द्या : उपाशीपोटी तर नेहमी उपाशीपोटी. कॅल्शियमची पूड त्याच वेळी देऊ नका. सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासताना गोळी दिल्यानंतर चार ते सहा तासांनी नमुना द्या आणि गोळीची वेळ प्रयोगशाळेच्या कागदावर लिहा. चपळाई पंधरवड्यात परतते, शेपटीचे केस यायला मात्र काही महिने लागतात.

निदान कशावरून झाले ते आपण लिहिलेले नाही. केवळ टी-४ (रक्तातील थायरॉइडचे संप्रेरक) कमी दिसणे पुरेसे नाही. मधुमेह, कुशिंग, मोठा जंतुसंसर्ग, स्टेरॉइड, सल्फा गटातील औषधे आणि झटक्यांवरचे फिनोबार्बिटल या सर्वांनी तो आकडा उतरतो आणि थायरॉइड ग्रंथी मात्र धडधाकट असते. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले, मुक्त टी-४ कमी आणि कोलेस्टेरॉल चढलेले असेल तर संशय पक्का होतो. या तपासण्या झाल्या नसतील तर गोळी पुढे चालवण्यापूर्वी तेही विचारा.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा कुत्रा तीन वर्षे इन्सुलिनवर आहे. साखर ठीक असते, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होऊन तो आंधळा झाला आहे. मुलगा परदेशातून फोन करून म्हणतो की त्याला आता सोडवावे. मी एकटा राहतो आणि सुई मीच देतो. माझे वय ७४ आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना पहिल्या वर्ष-दीड वर्षात मोतीबिंदू होतोच. भिंगात शिरलेल्या साखरेचे सॉर्बिटॉल बनते, ते पाणी ओढते आणि भिंग ढगाळते. साखर उत्तम सांभाळूनही हे टळत नाही, म्हणून त्यात आपली हयगय झाली असे समजू नका. त्याचे डोळे लाल असतील, चिकट पाणी येत असेल किंवा तो पापण्या आवळून धरत असेल, तर भिंगातून पाझरणाऱ्या द्रव्याने डोळ्याला आतून सूज आली आहे, आणि ती दुखते. ही तपासणी या आठवड्यात करून घ्या. थेंब लिहून घेताना तो मधुमेही असल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगा, म्हणजे शक्य तितके स्टेरॉइडविरहित थेंब देता येतील. साखर स्थिर असलेल्या कुत्र्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी परत येऊ शकते; त्याआधी डोळ्याचा पडदा शाबूत आहे का ते पाहतात. तेराव्या वर्षी ती करावी की नाही, हे त्याच्या हृदय-मूत्रपिंडांच्या तपासण्या पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

केवळ आंधळेपणासाठी त्याला झोपवण्याचा सल्ला मी देणार नाही. कुत्रा जगाचा मोठा भाग नाकाने आणि कानाने वाचतो. पलंग, खुर्ची आणि पाण्याचे भांडे यांच्या जागा बदलू नका, जिन्याच्या तोंडाशी फळी लावा, त्याला हात लावण्याआधी नावाने हाक मारा. मुलाला मात्र उत्तर द्यावे लागेल, आणि ते आकड्यांनी द्या. वहीत रोज चार नोंदी करा : तो आपणहून जेवला का, हाकेला शेपटी हलवली का, आधाराविना उठला का, रात्र शांत गेली का. महिन्यात बहुतेक दिवस चारही उत्तरे ‘हो’ असतील तर मुलाला वही वाचून दाखवा. ‘नाही’ वाढू लागले तर तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा, आणि तेव्हा मुलगा म्हणतो तो विचार करण्यात अपराध वाटून घेऊ नका.

राहिला प्रश्न आपल्या वयाचा, जो आपण विचारलेला नाही. आपली नजर कधी अधू झाली किंवा हात कापू लागले तर सिरिंजवरच्या रेषा चुकतील. शेजारच्या एखाद्या तरुणाला सुई द्यायला आत्ताच शिकवून ठेवा आणि बाटलीचा आकडा, डोस, जेवणाचे माप व डॉक्टरांचा फोन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. आपण चार दिवस आजारी पडलात तरी संध्याकाळी सातची सुई चुकणार नाही.